वळण आपोआप अंगवळणी पडत नाही

‘मोटरसायकल वळवायला शाळेत कशाला जायचं?’ हा प्रश्न शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत विचारला जातो तसाच पुण्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. गाडी अनुभवानं येते, वळणं तर रोजचीच, आणि रेसच्या ट्रॅकवर जाऊन ती शिकणं ही पैसेवाल्यांची हौस, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मला हे मत चुकीचं वाटतं आणि घातकही.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा, ही आपल्या वादपद्धतीची जुनी शिस्त. इथे ती पाळणं अगत्याचं आहे, कारण हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. तो मांडणारी माणसं रोज गाडीवर असतात. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमागून अंधारात वाट काढतात, कोंडाईबारीत ट्रकच्या रांगेतून जातात, तळोद्याहून चांदशैलीच्या घाटानं धडगाव गाठतात. नात्यात कुठेतरी एखादा तरणा मुलगा गाडीवर गेलेला असतो आणि त्याचं दुःख त्यांच्या बोलण्यामागे असतं. त्यांचं म्हणणं असं.

ज्यानं वीस वर्षं तोरणमाळचा घाट चढउतार केला, त्याला आणखी कोण काय शिकवणार? ट्रॅकवर डांबर गुळगुळीत, समोरून कोणी येत नाही, मध्ये गाय बसलेली नसते, वळणावर मुरूम सांडलेला नसतो. मग तिथली विद्या सातपायरीच्या घाटात काय कामाची? उलट तिथे जाऊन आलेला पोरगा गाडी आडवी घालायला शिकतो आणि इथे येऊन जीव देतो. शिवाय सरकारी आकडे बघा: देशातले सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात, मग वळणाचंच एवढं स्तोम का? आणि शेवटचा, सगळ्यांना बिनतोड वाटणारा मुद्दा: हळू चालवा, म्हणजे झालं.

सुरुवात अनुभवापासून करू, कारण बाकीचे सगळे मुद्दे त्याच्या आधारानं उभे आहेत.

अनुभवानं नेमकं काय शिकवलं याचा पुरावा गॅरेजात मिळतो. दहा-बारा वर्षं वापरलेली शंभर किंवा सव्वाशे सीसीची गाडी घ्या, दर महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेला जाऊन आलेली. मागच्या टायरकडे वाकून बघा. मधला पट्टा झिजून सपाट झालेला, नक्षी जवळपास गेलेली. दोन्ही कडांना मात्र बोटभर रुंदीचं रबर अजून कोरं. एखाद्या टायरवर तर कारखान्यातून आलेले रबरी केसही शाबूत. मग मेकॅनिकला ब्रेकचं विचारा. मागचे लायनर किती वेळा बदलले ते तो बोटांवर मोजून सांगेल. पुढचे? ते गाडीबरोबर आलेलेच, आणि पुढच्या ब्रेकची केबल इतकी आखडलेली की मूठ दाबली तर परत येत नाही. ‘पुढला ब्रेक दाबू नको भाऊ, उलटशील,’ हा सल्ला पिढ्यान्पिढ्या दिला गेला आणि तो मनापासून पाळला गेला.

टायरच्या कडा कोऱ्या असणं हा गुन्हा नव्हे. जो बेतानं चालवतो त्याच्या कडा कोऱ्याच राहणार, आणि कडा झिजवून मिरवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. मुद्दा वेगळा आहे. वीस वर्षांत या माणसानं गाडी एका ठरावीक मर्यादेपलीकडे कधी झुकवलेलीच नाही आणि पुढचा ब्रेक कधी पूर्ण वापरलेलाच नाही. ज्या क्षणी वळण अपेक्षेपेक्षा आवळत जातं आणि समोरून एसटी येते, त्या क्षणी त्याला जे करायला हवं, ते त्यानं आयुष्यात एकदाही केलेलं नसतं. वीस वर्षांचा अनुभव त्याच्यापाशी आहे, पण या क्षणाचा नाही. अनुभव जे घडतं तेच पक्कं करतो. जे टाळलं जातं ते कोरं राहतं, आणि जे चुकीचं घडतं तेही तितकंच पक्कं होतं.

वळणाच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. मोटरसायकल वळते कशी, हे बहुतेक चालकांना ठाऊक नसतं, आणि त्यांना जे ठाऊक आहे असं वाटतं ते उलटं असतं. पंधरा-वीसच्या वेगाखाली हँडल ज्या बाजूला फिरवाल तिकडे गाडी जाते. त्यावर वेग गेला की उजवीकडे वळण्यासाठी उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. पुढचं चाक क्षणभर डावीकडे तोंड करतं, चाकाचा टेकू गाडीखालून डावीकडे सरकतो, गाडी उजवीकडे झुकते आणि झुकली की उजवीकडे वळते. हा काही आजचा शोध नाही. स्कॉटिश अभियंता रँकिन यानं १८६९ साली, सायकल अजून बाल्यावस्थेत असताना, हे तत्त्व लिहून ठेवलं होतं. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरनं कितीतरी सायकलस्वारांना ‘डावीकडे कसे वळता?’ म्हणून विचारलं आणि पहिल्या प्रयत्नात अचूक सांगणारा त्याला एकही भेटला नाही. हीच चाचणी आज शहाद्याच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या कोणावरही करून पाहावी.

यावर पूर्वपक्षाचा माणूस लगेच म्हणेल: सगळे नकळत तेच करतात ना, मग शिकवायचं काय? आक्षेप वजनदार आहे. नेहमीच्या वळणावर शरीर नकळत मूठ ढकलतं आणि भागून जातं, हे खरं. पण भीती वाटली की तेच शरीर दोन्ही हात ताठ करतं. उजवी मूठ ढकलायला हवी तेव्हा डावीही तितक्याच जोरानं ढकलली जाते, दोन्ही हात एकमेकांशी भांडतात आणि गाडी आहे त्याच रेषेत दरीकडे जात राहते. चालकाला वाटतं गाडी वळेना. गाडी वळायला तयार असते, तोच तिला धरून ठेवतो.

कॅलिफोर्नियातला प्रशिक्षक कीथ कोड यानं हे पटवण्यासाठी एक गाडी बनवून घेतली. तिला नेहमीच्या हँडलखेरीज चौकटीला घट्ट जोडलेलं, न फिरणारं दुसरं हँडल आहे आणि त्यावर वेगळा थ्रॉटल आहे. ‘अंग टाकलं की गाडी वळते’ असं मानणाऱ्याला तिच्यावर बसवायचं, स्थिर हँडल धरायला लावायचं आणि म्हणायचं, आता टाका अंग. माणूस हवं तितकं लटकतो, ढकलतो, वाकतो. गाडी थोडीशी भरकटते, वळली म्हणावं असं काही होत नाही. जो विश्वास वीस वर्षांत ढळला नव्हता तो काही मिनिटांत ढळतो. हे रस्त्यावर करून बघता येणार नाही.

भीतीच्या क्षणी शरीर काय करतं याची यादी कोडनं १९९३ च्या आपल्या पुस्तकात केली आहे: थ्रॉटल एकदम सोडणं, हात आवळणं, धोक्यावरच नजर खिळणं, वळवताना गोठून जाणं, नको तिथे ब्रेक दाबणं. यातली एकेक गोष्ट घाटात काय करते ते पाहा. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी उभी राहू बघते आणि सरळ निघते. मागचा दाबून चाक जाम केलं की मागचं टोक घसरतं. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यात जाते, हे तर गावात सगळेच जाणतात. पण मग बघायचं कुठे, हे कोणी सांगत नाही. या प्रतिक्रिया आळसातून किंवा मस्तीतून येत नाहीत. त्या उपजत आहेत, म्हणून अनुभवानं त्या जात नाहीत. उपजत गोष्टीच्या विरुद्ध वागायला कोणीतरी शिकवावं लागतं आणि समोर उभं राहून चुका दाखवाव्या लागतात.

आता कोणी म्हणेल, हा सगळा तर्क झाला. प्रत्यक्ष अपघातांत काय दिसतं? सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० हून अधिक मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला, शिवाय ३,६०० पोलीस अहवाल तपासले. तो अहवाल १९८१ साली आला. अपघातातल्या ९२ टक्के स्वारांनी गाडी स्वतःची स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेली होती. हा आकडा एकटा फार काही सिद्ध करत नाही, कारण तेव्हाचे बहुतेक स्वार तसेच शिकलेले असणार. महत्त्वाचं आहे ते पुढचं. अपघात टाळण्याच्या शेवटच्या क्षणी बहुतेकांनी मागचं चाक जाम केलं, पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही, आणि मूठ ढकलून गाडी झटक्यात बाजूला काढण्याचं कसब जवळपास कोणाकडेच नव्हतं. दुसरं वाहन नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी चूक स्वाराची होती आणि तिचा नेहमीचा प्रकार म्हणजे जास्त ब्रेक लावून घसरणं किंवा वळणावर बाहेर फेकलं जाणं. चार दशकांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची ही माणसं. पण ते गॅरेजातलं टायर आणि ती आखडलेली केबल आठवून पाहा.

आपल्या परवान्याची चाचणी यात भर घालते. मैदानात गाडीवर आठ काढून दाखवायचा, पाय टेकवायचा नाही. आठ काढताना वेग चालण्याइतका, त्यामुळे हँडल ज्या बाजूला फिरवाल तिकडे गाडी जाते. म्हणजे घाटातल्या वेगाला जे लागू नाही तेच आपण तपासतो आणि पास करतो. तोल सांभाळता येतो की नाही हे बघायला आठ ठीक आहे. पण आपल्या जिल्ह्याची, एमएच ३९ ची पाटी लावून तोरणमाळला निघालेल्या मुलाला चाळीसच्या वेगानं वळताना हातांचं काय करायचं, हे त्या चाचणीनं विचारलेलंच नसतं.

‘हळू चालवा’ या मुद्द्याला मी सगळ्यांत जास्त मान देतो. तो खरा आहे, पण अर्धा. हळू म्हणजे किती, आणि मुख्य म्हणजे कधी? साधं गणित करू. तीस मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरनं घ्यायचं तर गाडी सुमारे २३ अंश झुकावी लागते. ५० नं घ्यायचं तर ३३, आणि ६० नं ४३ अंश. दहा-दहाची वाढ मीटरवर किरकोळ दिसते, पण ४० ला सहज जमतं, ५० ला पोटात गोळा येतो आणि ६० ला साध्या गाडीचं पायदान जमिनीला लागायची वेळ येते. श्रावणात डांबर ओलं असताना पकडीचा गुणांक ०.५ धरला तर हेच वळण ताशी ४४ च्या पुढे घेताच येत नाही, मग चालवणारा कोणी का असेना. याचा अर्थ वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना कमी व्हायला हवा. ‘हळू चालवा’ म्हणणारी बहुतेक माणसं वळणात शिरल्यावर हळू होतात. त्यांना वेग जास्त झाल्याचं कळतं ते गाडी झुकल्यावर, आणि तेव्हा ती ब्रेक दाबतात. वळण येण्याआधी त्याची त्रिज्या नजरेनं ओळखणं, त्याला साजेसा वेग ठरवणं आणि तो नेमक्या जागी गाठणं, हेच तर शिकायचं असतं. उपदेश बरोबर असतो. तो अमलात आणायचा कसा, हे उपदेशात नसतं.

मग त्या शाळेत करतात काय? कोडची शाळा १९८० पासून अमेरिकेत चालते आणि २०१० पासून आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तिची सत्रं होत आली आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० चा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा. टीव्हीवर दिसते ती गुडघा टेकवणारी मंडळी मनात ठेवून गेलेल्याची इथे निराशाच होते. पहिल्या टप्प्याला पाच गोष्टी आहेत: वळणात थ्रॉटल कसा हळूहळू, सलग उघडत न्यायचा, वळायला सुरुवात नेमकी कुठे करायची, मूठ ठामपणे ढकलून एकदाच कसं वळवायचं, वळल्यावर हात सैल कसे सोडायचे, आणि आधी वळायची जागा पाहून, तिथे पोहोचण्यापूर्वीच नजर पुढे वळणाच्या आत कशी न्यायची. पहिल्या फेऱ्यांना गिअर एकच आणि ब्रेक लावायचा नाही. ब्रेक नाही म्हटलं की वळणाचा वेग थ्रॉटल सोडूनच, आधीच ठरवावा लागतो. घाटात जी चूक जीव घेते तिच्यावर पहिल्याच तासाला बोट ठेवलं जातं. वेगानं पळण्याची अट नाही, उलट आपल्या कुवतीच्या पाऊणपट राहा असं सांगतात.

त्याहून बोलका असतो तो ट्रॅकबाहेरचा सराव. मोकळ्या डांबरी जागेत प्रशिक्षक एका टोकाला उभा राहतो, शिकणारा त्याच्याकडे नागमोडी येतो. प्रशिक्षक फक्त कोपरांकडे बघतो. कोपर ताठ असेल तर ढकललेला जोर खाली दांड्यात जातो, पुढे जात नाही, आणि गाडी जडपणे झुकते. तो थांबवतो, कोपर वाकवायला लावतो, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर करायला लावतो आणि पुन्हा पाठवतो. या खेपेला तीच गाडी, तोच वेग, पण ती झटकन आणि अलगद झुकते. शिकणाऱ्याचा चेहरा हेल्मेटमध्ये दिसत नाही, पण पुढच्या फेरीला तो स्वतःहून कोपर वाकवून येतो. वीस वर्षं घाटात कोपर ताठ ठेवून चालवणाऱ्याला हे कोण सांगणार होतं? मागे बसलेल्याला ते दिसत नाही, समोरून येणाऱ्याला ते बघायला वेळ नसतो.

ट्रॅक गुळगुळीत आणि रिकामा असतो, म्हणून तिथलं शिकणं खोटं, या आक्षेपाचं उत्तर खानदेशातल्या कोणत्याही घरात मिळेल. पोराला पोहायला शिकवायचं तर आपण त्याला पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरवतो. प्रकाशाला तापीच्या पुरात नेऊन सोडत नाही, आणि विहिरीला पूर नसतो म्हणून विहिरीतलं पोहणं निरुपयोगी असंही म्हणत नाही. एका वेळी माणसाचं लक्ष फार थोड्या गोष्टींवर राहतं. कोडचं १९८३ चं पहिलं पुस्तक याच विचारावर उभं आहे. ज्याचं सगळं लक्ष आपण पडतो की काय यात अडकलेलं आहे, त्याला वळणावर सांडलेला मुरूम उशिरा दिसणार. हाताचं काम हातालाच करता येऊ लागलं की लक्ष रस्त्यासाठी मोकळं होतं. सातपायरीच्या घाटातला मुरूम, वळणावर थांबलेली जीप, रस्ता ओलांडणारी शेरडं, यांच्यासाठीच तर ते मोकळं हवं आहे. आणि एकच वळण पुन्हा पुन्हा, तेच डांबर, तीच त्रिज्या, फक्त एक गोष्ट बदलून घेता येणं, ही सोय जगातला कुठलाही घाट देत नाही.

आता पूर्वपक्षाच्या सगळ्यांत मजबूत मुद्द्याकडे. शिकलेला पोरगा जास्त माजतो, जास्त वेगानं जातो. हा नुसता म्हाताऱ्यांचा संशय नाही, संशोधनानंही त्याला दुजोरा दिला आहे. नॉर्वेत नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं सक्तीचं प्रशिक्षण दिलं, आणि १९८८ च्या पाहणीत दिसलं की तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. स्वीडनमध्ये ग्रेगर्सन यांनी १९९६ साली दाखवलं की सावरण्याचं कसब शिकलेले तरुण स्वतःची कुवत वाजवीपेक्षा जास्त समजू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नव्या मोटरसायकलस्वारांना रस्त्यावर, वाहतुकीतच मार्गदर्शन देऊन मोठी चाचणी घेतली. अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही, आत्मविश्वास मात्र वाढला. ज्याला प्रशिक्षणाची बाजू घ्यायची आहे त्यानं हे निष्कर्ष लपवू नयेत.

पण ते नीट वाचावेत. नॉर्वेतल्या मुलांना शिकवलं गेलं ते घसरल्यावर सावरणं. त्यातून संदेश गेला की घसरलं तरी चालेल, सावरता येतं. वळणाच्या शाळेचा विषय त्याच्या आधीचा आहे: वेळेआधी वेग ठरवा, नजर आधी पाठवा, म्हणजे सावरण्याची वेळच येणार नाही. व्हिक्टोरियातला प्रयोग तर बंद ट्रॅकवरचा नव्हताच. तिथे नवख्या स्वाराला रस्त्यावरच न्यायचं होतं, आणि रस्त्यावर आपली मर्यादा चाचपून बघता येत नाही. बंद जागेत ती चाचपता येते. ६० नं जे वळण जमत नाही ते तिथे कळतं, तेही समोरून ट्रॉली येत नसताना. स्वतःची मर्यादा कळलेला माणूस माजतो, असा माझा अनुभव नाही. मर्यादा नाहीच असं ज्याला वाटतं तो माजतो. तरीही इथे माझी बाजू मी आवरती घेतो. ट्रॅकवर एकदा जाऊन आला म्हणजे मुलगा अपघातातून सुटला, असं मी म्हणत नाही. ते सिद्ध झालेलं नाही. माझं म्हणणं इतकंच की हे कसब रस्त्यावर मिळत नाही, आणि बंद जागेत मिळतं. ते वेगासाठी वापरायचं की जास्तीच्या सुरक्षित अंतरासाठी, हे शिकवणाऱ्यानं पहिल्या तासाला ठरवायचं असतं, आणि जो प्रशिक्षक ते ठरवत नाही त्याच्याकडे मुलाला पाठवू नये.

ट्रॅकवरून काय आणायचं नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. शर्यतवाला रस्त्याची सगळी रुंदी वापरतो. आपल्याला आपली डावी बाजूच वापरायची आहे, आणि उजव्या वळणावर झुकलेलं डोकं मधल्या रेषेपलीकडे समोरच्याच्या वाटेत जाणार नाही याची काळजी घ्यायची आहे. वळायला घाई करायची नाही, आधी वळणाचं दुसरं टोक दिसू द्यायचं, हा नियम मात्र घाटात ट्रॅकपेक्षाही मोलाचा. लवकर वळणारा उजव्या वळणावर शेवटी डावीकडे दरीच्या कडेला जातो आणि डाव्या वळणावर समोरच्या एसटीच्या पुढ्यात. आणि ट्रॅकवर न शिकवलं जाणारं बरंच काही आपल्याला लागतं. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली आई, दोन्ही बाजूंना अडकवलेल्या दुधाच्या किटल्या, पुढे टाकीवर आडवी ठेवलेली चाऱ्याची पेंढी. हे वजन घेतलेली गाडी वेगळी झुकते, वेगळी थांबते, आणि याचा पाठ कोणत्याही परदेशी पुस्तकात नाही. तो आपल्याला लिहावा लागेल.

सरळ रस्त्यावरच्या अपघातांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची. बहुतेक अपघात सरळ रस्त्यावर होतात, कारण बहुतेक रस्ता सरळ आहे. पण सरळ रस्त्यावर आडवा आलेला ट्रॅक्टर चुकवणं म्हणजेही एक वळणच, सगळ्यांत तातडीचं, आणि त्याला लागणारी मूठ, नजर आणि ब्रेक तेच.

राहिला पैसा. चेन्नईचा प्रवास, कातडी पोशाख, शाळेची फी, हे पपई आणि कापसाच्या भावावर जगणाऱ्या घराला परवडणारं नाही, हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून ती शाळा श्रीमंतांसाठी सोडून द्यावी, हा निष्कर्ष मात्र मान्य नाही. तिथल्या पाचही गोष्टींना रेसची गाडी लागत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर, तीस-चाळीसच्या वेगात, त्या पूर्ण शिकता येतात. लागतं ते बंद, स्वच्छ झाडलेलं डांबर किंवा काँक्रीट, काही शंकू आणि एक जाणता माणूस. साखर कारखान्यांची आवारं हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने मोकळी असतात, बाजार समित्यांची ओटे सोडून बाकीची जागा सुट्टीच्या दिवशी रिकामी असते. तालुक्यातून चार-पाच तरुण शिक्षक, पोलीस किंवा मेकॅनिक निवडून त्यांना चेन्नईला पाठवायचा खर्च एखाद्या संस्थेला जड नाही. परत येऊन त्यांनी शिकवायचं.

आणि पहिल्या दिवशी वळायचंच नाही. पहिला दिवस पुढच्या ब्रेकचा. आधी केबल सोडवून, तेल घालून, लायनर तपासून गाडी तयार करायची. मग ४० च्या वेगानं सरळ येऊन ठरलेल्या रेषेवर फक्त मागचा ब्रेक लावायचा आणि गाडी थांबेल तिथे खडूनं खूण करायची. पुढे फेरीफेरीनं मूठ एकदम न दाबता आवळत नेण्याचा सराव करायचा, आणि जमू लागलं की दोन्ही ब्रेक लावून दुसरी खूण करायची. कोरड्या डांबरावर पहिली खूण साधारण सतरा-अठरा मीटरवर पडते, दुसरी दहा-अकरावर. ‘पुढला दाबू नको’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावं, आणि दोन खुणांमधलं अंतर त्यांनीच पावलांनी मोजावं.